तराफ्यावरची कोरी माती

सहा दिवस मातीवर एकही पाऊल दिसलं नव्हतं, आणि सुरय पक्ष्यांची घरटी मात्र रोज उजाड होत होती. संशोधन केंद्रात सगळे या कोड्याने हैराण झाले होते. उत्तर फक्त मला माहीत होतं, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले होते.

ही गोष्ट २०६८ सालची. मी, ऊर्वी टिपणीस, तेव्हा अकरा वर्षांची होते. माझे आजोबा दूर उत्तरेकडच्या हाल्सा बेटावर वन्यजीवशास्त्रज्ञ होते आणि उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. केंद्रात आणखी दोघं होती. एक सिग्नेमावशी, सरकारी परवाना घेऊन सापळे लावणारी. दुसरा ‘बगळा’ नावाचा यंत्रमानव. काटकुळ्या पायांनी तो तळ्यात फिरायचा आणि मावशीची भाषा मला मराठीत सांगायचा.

मावशीच्या टोपीला मिंक नावाच्या प्राण्याची फर होती. तेवढ्यावरूनच मी तिला नापास करून टाकलं होतं.

आजोबांनी मला तळ्यातला तराफा दाखवला. त्यावर लाकडी बोगदा होता आणि बोगद्यात ओली माती थापलेली होती. “मिंक मुंगसासारखा सडपातळ, पण पोहण्यात तरबेज,” ते म्हणाले. “बोगदा दिसला की आत डोकावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मातीवर त्याचं पाऊल उमटलं, तरच सिग्ने पिंजरा लावते. पाणमांजराचं उमटलं तर नाही. ते इथलं मूळचं, मासे खाऊन राहणारं, त्याला धरायला बंदी आहे.”

मी मनाशी ठरवलं की पाऊलच दिसू द्यायचं नाही. बगळा रोज सकाळी आठ वाजता नोंद घ्यायला जायचा. मी सहालाच जाऊन, अंगण सारवावं तशी ती माती बोटांनी सारखी करायचे. तिसऱ्या दिवशी मिंकच समोर आला. चॉकलेटी अंग, हनुवटीवर पांढरा ठिपका. आपण एक जीव वाचवतोय, या विचाराने मला फार बरं वाटलं.

सातव्या दिवशी आजोबा मला वाळूच्या दांड्यावर घेऊन गेले. सुरय पक्षी आमच्या डोक्यावर कर्कश ओरडत होते. चाळीस घरट्यांपैकी नऊ उरली होती. बाकीच्यांत पिल्लं तशीच पडली होती, मारलेली पण न खाल्लेली.

“ही पळाली का नाहीत?” मी विचारलं.

“इथे हजारो वर्षं घरट्यांवर जमिनीवरून येणारा शिकारी नव्हता. धोका फक्त आकाशातून यायचा. म्हणून धोका दिसला की पिल्लं वाळूशी वाळू होऊन गप्प बसतात. घारीला ती दिसत नाहीत. मिंकला मात्र वास येतो. त्याला माणसांनी फरसाठी इथे आणलं, पिंजऱ्यांत वाढवलं आणि काही निसटले. अशा जातीला आक्रमक प्रजाती (बाहेरून येऊन मूळच्या जीवांना संपवणारी जात) म्हणतात.”

“म्हणजे चूक माणसांची, आणि मरायचं मिंकने?”

“हो,” आजोबा म्हणाले. “अन्यायच आहे तो. म्हणून हे काम हसत करायचं नसतं. पण हात झटकून बसलो, तर या पिल्लांवर दुसरा अन्याय होतो.” मग ते म्हणाले, “आज दुपारच्या बोटीने सिग्ने पिंजरे घेऊन पलीकडच्या बेटावर जाते आहे. नियमच आहे, पुरावा नाही तर पिंजरा नाही.”

मी धक्क्याकडे धावले. मावशी पिंजरे बोटीत चढवत होती.

“पावलं होती. रोज होती. मी पुसली.”

बगळ्याने ते तिच्या भाषेत सांगितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. पण मावशी खाली बसली. तिने खोक्यातून मिंकचा एक चिमुकला जबडा काढून माझ्या हातावर ठेवला.

“प्रत्येकाचा जबडा आम्ही प्रयोगशाळेत पाठवतो. झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय वाढतं, तसं दातातही वाढतं. त्यावरून वय कळतं. कोवळे जास्त सापडले, तर पैदास जोरात आहे. सगळे म्हातारे सापडले, तर काम संपत आलं. याला नियंत्रित सापळेबाजी (ठरलेल्या जातीचे प्राणी नियमांनुसार पकडणं आणि प्रत्येकाची नोंद ठेवणं) म्हणतात. फरही टाकत नाही. जीव घ्यावा लागला, तर निदान तो वाया घालवू नये. ज्या वर्षी माती वर्षभर कोरी राहील, त्या वर्षी मी पिंजरे मोडून टाकीन.” तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “पण माती खरोखर कोरी हवी.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर तराफ्यावर गेले. मातीवर चांदणीसारखं, पाच बोटांचं पाऊल होतं.

“नोंद?” बगळ्याने विचारलं.

हनुवटीवरचा तो पांढरा ठिपका माझ्या डोळ्यांसमोर आला. “मिंक,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

दोन दिवसांनी तो पिंजऱ्यात सापडला. मावशीने मला केंद्रात परत पाठवलं आणि मी गेले. खोटं कशाला सांगू, तिथे थांबायचा धीर मला नव्हता. नंतर पाहिलं तर ती हातमोजा काढून, उघडा हात त्याच्या पाठीवर ठेवून बराच वेळ बसली होती. फरची टोपी तिने शेजारी काढून ठेवली होती.

नऊपैकी सात घरट्यांतली पिल्लं त्या ऑगस्टमध्ये उडाली.

आता मी त्याच केंद्रात काम करते. आजोबा निवृत्त झाले, मावशीचे केस पांढरे झाले. गेल्या तीन वर्षांत आलेले सगळे जबडे म्हाताऱ्या मिंकचे होते. तराफ्यावरची माती तीनशे दहा दिवस कोरी आहे, अजून पंचावन्न दिवस राहिले आहेत. मावशीने पिंजरे मोडायला हातोडा काढून ठेवला आहे. रोज सकाळी सहाला मी बोगद्यात वाकून बघते, आणि मातीला बोटही लावत नाही.