कळल्यापासून तीस दिवस

"अहो डॉक्टर, समन्स हातात पडून आठवडा नाही झाला, आणि मुदत संपली कशी?" कुंदा तासगावकर जवळजवळ ओरडलीच.

नवऱ्याने, श्रीरंगने, सात वर्षांच्या इराच्या ताब्यासाठी चंद्रवसाहतीच्या कोर्टात दावा लावला होता. कुंदाला लेकीला घेऊन पृथ्वीवर जायचं होतं, आणि चंद्रावर जन्मलेलं मूल ते कोर्ट कधीच खाली जाऊ देत नसे. खटला पृथ्वीवरच्या संघ न्यायालयात हलवला, तरच लेक हाती लागणार होती. त्यासाठी मुदत तीस दिवसांची, पण कायदा मोठा वस्ताद! लोक समन्स चुकवायला दारच उघडेनात, तेव्हा त्याने प्रत्येकाच्या कानामागे बोधमणी बसवला. एखादी गोष्ट मेंदूला खरोखर कळली की मणी तो क्षण टिपायचा. मुदत तिथून सुरू, मग कागद कितीही उशिरा येवो.

मण्यांची नोंद वाचणारे डॉ. इनामदार खाली मान घालून म्हणाले, "समन्स वाचताना तुमचा मेंदू हललासुद्धा नाही. शिळी बातमी! तो हलला दोन महिन्यांपूर्वी, एका सकाळी."

कुंदाला ती सकाळ आठवली. श्रीरंग बॅग उचलून म्हणाला होता, "जातो." उभा जन्म 'येतो' म्हणणारा माणूस! "अरे, येतो म्हण," असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

"मला काही कळलं नव्हतं हो!"

"कळलं होतं, वळलं नव्हतं. आणि कायदा वळायची वाट पाहत नाही."

कुंदाला रडूच फुटलं. "आता काय करू?"

"आज ताब्याचा निकाल लागेल. विरुद्ध गेला, तर अपील पृथ्वीवर. पण त्याची मुदत एकच दिवस, तीही कळल्यापासून. तुमचा वकील परवा पोचतोय. तोवर कळून घेऊ नका. कुणाच्या तोंडाकडेही पाहू नका, निकाल आधी तिथेच उमटतो."

ते गेले आणि थोड्याच वेळात दार उघडलं. श्रीरंग इराला घेऊन आला होता.

"आई!"

कुंदा गर्रकन भिंतीकडे वळली. डोळे मिटले, कानांत बोटं घातली. इरा तिची बाही ओढू लागली. "आई, बघ ना गं माझ्याकडे!" कुंदाचा जीव तीळतीळ तुटत होता. पण लेक हवी, तर लेकीकडे बघायचं नव्हतं.

हळूहळू बाही ओढणं थांबलं.

"चला बाबा," इरा म्हणाली. "आईला मी नकोय."

कानांत बोटं होती, तरी कुंदाला ते स्वच्छ ऐकू आलं.