खरड छाटणी

वारूळवाडीत आमच्या घराला लागून गेणभाऊंची द्राक्षबाग आहे. मी वीजमंडळातून निवृत्त झालेला माणूस. मोटार जळाली तर ती का जळाली हे कळेपर्यंत मला घास उतरत नाही. दुसरी खोड कीर्तनाची. जवळपास कुठंही सप्ताह असो, टाळ घेऊन मी मागं उभा. म्हणून गावात मला बुवाच म्हणतात. गेणभाऊंच्या पत्नी कोंडाबाईवैनी बायकांच्या भजनात म्हणायच्या. असा गळा, की कीर्तनकार चाल अर्ध्यावर सोडून त्यांना म्हणू द्यायचे.

मग झटका आला. वैनींची डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढच्या खोलीत कॉटवर पडून त्या नुसत्या छताकडं बघायच्या. डॉक्टर म्हणाले, नजरेसमोर काहीतरी हलतं ठेवा. म्हणून गेणभाऊंनी जुन्नरहून शफीला बोलावलं. त्याचं मासे आणि काचेच्या टाक्यांचं दुकान.

शफीनं खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. बोअरचं पाणी जड, म्हणून फिल्टरच्या पाण्यात समुद्राचं मीठ कालवायचं. वर निळसर दिवा. मासे नावालाच, बाकी सगळी कोरलं, म्हणजे समुद्रातली जिवंत प्रवाळं. त्यातलं एक अळंबीसारखं होतं. जाड देठ, वर ताटलीएवढी मऊ चामडी छत्री आणि छत्रीभर केसाएवढी बारीक बोटं. दिवा लागला की बोटं उघडायची, हात लागला की आत जायची. हे झाड नाही, जीव आहे, असं शफीनं बजावून सांगितलं होतं. गेणभाऊ तरी त्याला झाडच म्हणायचे.

ते वाढलं. त्याची सावली बाकीच्या कोरलांवर पडायला लागली तेव्हा शफी छाटायला आला. हातात मोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा, कारण त्याचा चीक डोळ्यात गेला तर वाईट. दगडासकट ते त्यानं खाऱ्या पाण्याच्या परातीत काढलं. आकसून त्याचा ओल्या चामड्याचा गोळा झाला होता. शफीनं पातं लावलं आणि कडेची एक फाक उतरवली.

कॉटवरून सूर आला.

शब्द नव्हता, नुसता सूर. पण पेटीवर लावावा तसा खणखणीत. शफीच्या हातातली फाक परातीत पडली. गेणभाऊ कॉटपाशी धावले. वैनींचे डोळे छतावर होते, एका डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि वाळल्यासारख्या पडलेल्या डाव्या हाताची बोटं हळूहळू मिटत होती. मी हात जोडले. गेणभाऊ तसेच मोटरसायकलवरून ओझरला विघ्नहराला नारळ फोडून आले.

फाक दगडाला रबरानं बांधून शफीनं टाकीत ठेवली. चिकटायला वेळ लागतो म्हणाला. मूळ कोरल बरेच दिवस मिटून राहिलं, त्याच्यावर मेणचट पापुद्रा आला आणि मग तो सुटून पाण्यात तरंगला. त्याच सुमारास गेणभाऊंची सून नूतन माझ्या बायकोला सांगत होती, की सासूबाईंना अंघोळ घालताना हाताला मेणासारखी साल येते. औषधांनी येत असेल, असं आम्ही म्हटलं.

पुढची फाक काढली तेव्हा वैनी पुन्हा गायल्या. तिसऱ्या वेळी सुरात शब्द होते. फाक जेवढी मोठी, तेवढं गाणं लांबायचं. एरवी मात्र हूं का चूं नाही.

मी कारण शोधायला लागलो. पंपाचा आवाज थांबतो म्हणून? दिवा विझतो म्हणून? एकदा वैनींची कॉट मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं, पंप चालू ठेवला, दिवा चालू ठेवला. मी दाराशी उभा राहिलो. पुढच्या खोलीत गेणभाऊंनी द्राक्षमणी विरळायची कात्री कोरलाच्या कडेवर मिटली आणि बंद दारामागं सूर उठला. माझ्या अंगावर काटा आला. तो भक्तीचा असावा असं मला वाटलं.

शफी अस्वस्थ होता. कडेची फाक घेतली की दोन-तीन महिने हात लावायचा नसतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं.

"इश्रांती दिल्यावर वेलीला घड लागत्यात का रं?" गेणभाऊ म्हणाले. "एप्रिलात पार बुंध्यापातुर खरडून काढतो आमी. तवा डोळं फुटत्यात. तू मासं संभाळ, छाटणी मला नको शिकवू."

"भाऊ, ह्यो वेल न्हाई."

"मग बाई बोलती कशी?"

शफी टाकीची काच पुसायला लागला.

बागेची खरड छाटणी संपली त्याच आठवड्यात एकादशी आली. गेणभाऊंनी घरी भजन ठेवलं. वैनींना नवं पातळ नेसवून तक्क्याला टेकवून बसवलं. भावकी, भजनातल्या बाया, सगळी पडवीपर्यंत दाटली. टाकीपुढं पडदा लावला होता. मला गेणभाऊ कानात म्हणाले, "बुवा, आज पुरा अभंग हुतो का न्हाई बघा," आणि पडद्यामागं गेले.

मी टाळ धरला.

वैनींनी तोंड उघडलं. पहिल्या चरणाला बायांनी पदर डोळ्यांना लावले. दुसऱ्याला लोक उभे राहिले. असं गाणं मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. एका चरणातून दुसऱ्यात जाताना त्या श्वास घेत नव्हत्या. पडद्यामागून ओलं चामडं चिरल्याचा आवाज येत होता, पण तो फक्त मला ऐकू येत असावा. अभंग संपला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला. उन्हं कलली तरी गाणं चालू होतं.

गेणभाऊ बाहेर आले तेव्हा मनगटापर्यंत चीक होता आणि डोळे लाल झाले होते. टाकीत देठाचा खुंट उरला होता. वैनी तक्क्यावर कलंडल्या होत्या. गेणभाऊंनी त्यांच्या पायाला हात लावला. "पुरं," ते म्हणाले. "आता न्हाई कापायचं." फाकांची बादली शफी घेऊन गेला.

आणि गेणभाऊंनी शब्द पाळला. कात्री बागेच्या शेडमध्ये गेली.

काही दिवसांनी भर दुपारी वैनी आपणहून गायल्या. घरात कुणी टाकीला हात लावला नव्हता. गेणभाऊ अनवाणी माझ्या दारात आले. "बुवा, सुटली! आजारातनं सुटली माझी बाई." गावभर पेढे वाटले.

मी आनंदानं शफीला फोन लावला. तो म्हणाला, जरा थांबा भाऊ, हात भरल्यात, तुमच्याच कोरलाच्या फाका करतोय.

मी विचारलं, दुपारपासून का? तो हो म्हणाला.

मग विचारलं, बाकीच्या फाका कुठं आहेत? तो सांगत गेला. पुण्याला गेल्या, नाशिकला, सुरतेला. हौशी माणसं नेतात, वाढवतात, कापतात, एकमेकांना देतात. मी म्हटलं, सगळ्या परत आण.

"कशा आणू? मला तरी कुठं ठावं, आता कुनाकुनाच्या घरात हाय ती. जेवढं कापत्यात तेवढं वाढतंय, भाऊ."

मी गेणभाऊंना सांगायला गेलो. ते वैनींच्या उशाशी बसून त्यांचे केस विंचरत होते. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मी चहा पिऊन परत आलो.

आता वैनी कधीही गातात. पहाटे, जेवताना, झोपेत. डॉक्टरांनी गळा तपासला, काही दोष नाही म्हणाले. एकादशीला पार आळे गावापासून लोक येतात. कॉटपुढं हार, उदबत्त्या. मी टाळ धरून उशाशी उभा असतो.

परवाच्या एकादशीला दोन चरणांच्या मध्ये गाणं एकदम थांबलं. वैनींनी उजव्या हाताचं बोट हलवून मला जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून मी वाकलो. ओठ मिठानं पांढरे पडले होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या.

"बुवा," त्या म्हणाल्या, "आता कोन कापतंय?"

मी काही बोलायच्या आत त्यांची मान मागं गेली, तोंड उघडलं आणि सूर लागला. मागं बसलेल्या बायांनी धृपद उचललं.