मंगळवारी अकरा वाजता

"मागचं दार आजही बंदच," चष्मा पुसत ढापण्या म्हणाला. "कुलपापुढे कापडाचे गठ्ठे. शनिवारपेक्षा दोन जास्त."

"सात जास्त," त्याच्या बहिणीने दुरुस्ती केली. तिला घरी मोजणीबाई म्हणत, ते उगाच नाही.

सुट्टीत दोघं मावशीचा डबा शिलाई कारखान्यात पोचवत. गेल्या आठवड्यात इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला, तेव्हा सगळ्या बायका एकाच अरुंद दाराने बाहेर पडल्या. मावशीचा खोकला अजून गेला नव्हता.

"साहेबांना सांगत का नाहीस?" ढापण्याने तिला विचारलं.

"पहिली जी बोलेल, ती दुसऱ्या दिवशी घरी," मावशी म्हणाली.

डबा ठेवायच्या फळीजवळ खिळ्याला एक वही लटकत होती. मोजणीबाईने ती चाळली. 'दर मंगळवारी अकरा वाजता आगीचा सराव. एकशे बेचाळीस कामगार दोन्ही दारांनी तीन मिनिटांत अंगणात. पुढाकार : व्यवस्थापक.' खाली मंगळवारच्या तारखांची रांग, प्रत्येकीपुढे झोकदार सही.

"मावशी, तू अंगणात कधी गेलीस?"

"स्वप्नात."

"पण आज सोमवार ना?" ढापण्या पुटपुटला. "मग उद्याची सही आज कशी?"

साहेबांनी आळसापोटी वर्षअखेरपर्यंतच्या सह्या एका बैठकीत उरकल्या होत्या.

मावशीने पान दोनदा वाचलं. जेवणाच्या सुट्टीत निरोप टेबलाटेबलावरून फिरला: आरडाओरडा नाही, कात्र्या खणात, मशीन बंद करून रांगेने बाहेर.

मंगळवारी अकराला कारखाना गप्प झाला. सर्वांत पुढे मावशी होती. फाटकाजवळ मोजणीबाई घड्याळ धरून उभी. शेवटची बाई बाहेर यायला नऊ मिनिटं लागली.

साहेब धावत आले. "संप करता? पुढाकार कोणाचा?"

"तुमचा," मावशीने वही उघडून दाखवली. "सही आहे. तीन मिनिटं लिहिलीत, नऊ लागली. जमेपर्यंत सराव चालू राहणार."

"एकेकीला काढून टाकीन."

कोणी हललं नाही. माल न्यायला आलेला ट्रक फाटकाशी थांबला.

"बरं, दार उद्या उघडतो."

"मग उद्यापर्यंत बसतो," म्हणत मावशी खाली बसली. मागोमाग सगळ्या बसल्या. ऊन चढत गेलं.

दीड वाजता साहेबांनी स्वतः गठ्ठे ओढले. किल्ली सापडेना, तेव्हा कुलूप हातोडीने फोडलं. बायका आत गेल्या आणि दोन्ही दारांनी पुन्हा बाहेर आल्या. दोन मिनिटं पन्नास सेकंद.

इस्त्रीवाल्या आजींनी दोन्ही मुलांच्या पाठीवर थाप मारली. "वीस वर्षं ही वही माझ्या डोक्यावर लटकतेय, पण उघडून कधी बघितली नाही," त्या मावशीला म्हणाल्या. "आणि सुट्टीवर म्हणे ही पोरं आहेत."