दौलतची बाटली

त्र्यंबकला सगळे दाक्तर म्हणत. होता तो कंपाउंडर. पण चार इंग्रजी शब्द येत असल्यामुळे त्यानेही कुणाची चूक कधी दुरुस्त केली नाही.

१८९३ साली ठाण्याच्या त्या लहानशा धर्मादाय दवाखान्यात कळव्याच्या मिठागरावरचा दौलत आला. पोरगा विशीतला, छातीत पू झालेला. दवाखान्याच्या सर्जन साहेबाने बरगड्यांमधून भोक पाडून रबरी नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाटेखालच्या काचेच्या बाटलीत, पाण्यात बुडवलं. पू आणि वारा बाहेर यायचा, पाण्यामुळे वारा परत आत जायचा नाही. दौलत खोकला की बुडबुडे उठत. बुडबुडे थांबले म्हणजे फुप्फुस सांधलं. मग नळी काढायची आणि पोरगा उठून घरी.

पथ्य एकच. बाटली छातीच्या वर जाता कामा नये, नाहीतर पाणी उलटं छातीत शिरेल. हे त्याच्या आईला नीट समजावून सांग, असं साहेबाने त्र्यंबकला बजावलं होतं. पण गाढवापुढे गीता कोण वाचणार? "बाई, पोराचा जीव ह्या बाटलीत आहे, सांभाळ," एवढं बोलून तो जेवायला गेला.

नवव्या दिवशी बुडबुडे जवळजवळ थांबले होते. झाडणाऱ्या गड्याचा पाय बाटलीला लागला. पोराचा जीव कुणाच्या पायाशी कसा ठेवायचा? आईने बाटली पदराने पुसली आणि खाटेच्या वर, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली, घरी देव ठेवतात तशी. त्र्यंबक आला तेव्हा बाटली रिकामी होती आणि दौलत गेला होता.

त्याने बाटली गुपचूप खाली उतरवली आणि वहीत 'हृदय बंद पडले' असं लिहिलं. आईने नळीसकट बाटली मागितली. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्याने देऊन टाकली.

महिन्याने साहेबाला ती दुसऱ्या रोग्यासाठी हवी झाली. भर दुपारी त्र्यंबक खाडी ओलांडून कळव्याला गेला. झोपडीत ओल्या गोणपाटाचा वास होता. सारवलेल्या जमिनीवर बाटली होती, काठोकाठ भरलेली. नळी रिकाम्या अंथरुणात, गोधडीखाली गेली होती.

पाण्यात बुडबुडा आला.

नळीत वारा अडकला असेल, त्याने मनाशी म्हटलं. गोधडी उचलून पाहिली. नळीचं टोक दोऱ्याने घट्ट बांधून बंद केलेलं होतं. दुसरा बुडबुडा आला.

"पयले लय येत," आई म्हणाली. "आता कमी झालं."

आपण बाटली न्यायला आलोय, असं त्याने कसंबसं सांगितलं.

"न्या. त्याचा काम झाला का न्या."

काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, बाटली जमिनीवर का ठेवलीय?

"त्यानंच सांगलान. आये, वरती नको ठेवू, पानी आत येतंय." ती त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. "तुमी का नाय सांगलाव, ता मी नाय इचारत. त्यो बोलतो, उठलो का मीच जातो दाक्तरकडं."

एक बुडबुडा आला. बऱ्याच वेळाने आणखी एक.

मग पाणी स्थिर झालं.

त्र्यंबकने श्वास रोखून धरला. आणखी एकच बुडबुडा येऊ दे, म्हणून त्याने मनोमन देवाला हात जोडले.

पाणी हललं नाही.

चिंध्यांच्या उशीला मधोमध खळगा होता. तो हळूहळू वर आला.