चासीतला बाक

"कापलीस? ...बापाची गाडी कापलीस?"

जिजींच्या हातातली धुण्याची बादली मागच्या अंगणाच्या पायरीवर धाडकन आपटली. समोर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा थोरला मुलगा ग्राइंडर हातात धरून उभा होता आणि त्याच्या पायाशी त्याच्या वडिलांची मोटारसायकल दोन तुकड्यांत पडली होती... पुढचं धड लाकडाच्या ठोकळ्यांवर, आणि मागचा सांगाडा शॉकअपसकट भिंतीला टेकवलेला!

"आई, तुला विचारून कापली," थोरला चष्मा कपाळावर सरकवत म्हणाला.

"मला वाटलं धूळ झटकशील, रंग देशील! गेलेल्या माणसाच्या वस्तूला अशी करवत लावतात होय?"

"बॉबर करतोय, म्हणजे छाटून बुटकी केलेली गाडी. हार्डटेल बॉबर. मागचे शॉकअप काढायचे आणि तिथं सरळ पाइप वेल्ड करायचे. चाक थेट चासीला. मध्ये स्प्रिंग नाही, काही नाही."

"म्हणजे खड्डा आला की थेट मणक्यात!"

"थेट मणक्यात," तो हसला.

"सुखासुखी हाडं मोडून घ्यायची हौस! तुझ्यासारखा तूच."

जिजी फणकारल्या खऱ्या, पण बादली उचलून दोरीवर कपडे टाकताना त्यांचे कान शेडकडेच होते. तो शीळ घालत होता! बावीस वर्षांत या अंगणात ज्याने मोटारसायकलला बोट लावलं नव्हतं, तो त्यांचा मुलगा शीळ घालत काम करत होता, आणि त्या आवाजाने म्हातारीचं अंतःकरण असं भरून आलं, की एकच चादर तिने तीनदा झटकली.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. सतरा वर्षांच्या थोरल्याने भर दुपारी बापाची लाडकी गाडी चोरून बाहेर काढली आणि फाटकाच्या दगडी खांबावर नेऊन ठोकली. बाप नावाजलेला मिस्त्री, रागाने आंधळा! चारचौघांत त्याने पोराच्या मुस्काटात भडकावली आणि गर्जना केली, "आजपासून माझ्या गॅरेजातला एक नटसुद्धा या हातांनी फिरवायचा नाही!" गॅरेज गेलं धाकट्याकडे. थोरला दुसऱ्याच्या दुकानात फाटकं आणि जाळ्या वेल्ड करायला शिकला, आणि गल्लीने त्याचं नाव ठेवलं 'धडक्या'. तो नुसता हसायचा.

गल्लीला पाठ नव्हतं ते एवढंच... की गाडीवर त्या दुपारी थोरला नव्हताच. गाडीवर जिजी होत्या!

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी ती गाडी पुसली होती. रोज सकाळी, आरशापासून मडगार्डपर्यंत. "बायकांनी पुसायची, चालवायची नाही," असं नवरा कौतुकाने म्हणायचा आणि त्या ओठ मिटून फडकं पिळायच्या. त्या दुपारी तो झोपला होता. एकदा चालवू दे म्हणून त्यांनी पोराला गळ घातली, त्या बसल्या, पोर मागे धावलं... आणि मग तो खांब! फुटलेलं कोपर धरून त्या उठल्या, तोवर पोराने गाडी उभी केली होती. "आई, तू आत जा. काही बोलू नकोस." आणि त्या गेल्या! दाराआडून ती चपराक त्यांनी ऐकली आणि तरी गप्प राहिल्या. उद्या सांगू, दोन दिवसांनी सांगू, राग निवळला की सांगू... असं करता करता पोराचं आयुष्य भलत्याच वळणाला लागलं, नवरा चार वर्षांपूर्वी सत्य न कळताच डोळे मिटून गेला, आणि जगाला फाडफाड बोलणारी ही बाई एवढ्या एका वाक्यापाशी मुकी ती मुकीच राहिली. लोक हसतील! एवढ्या भीतीपायी पोटच्या पोराचा बळी!

आठवडाभराने नवे पाइप चासीला लागले. मग थोरल्याने चाकं चढवली आणि सुतळी काढली. मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना सुतळी लावून ती ताणत पुढच्या चाकापर्यंत न्यायची, दोन्ही बाजूंना सारखं अंतर आलं की गाडी सरळ. पुढचं टोक सुनेच्या हातात होतं.

"अहो, इकडे बोट मावतंय आणि तिकडे दोरी टायरला घासतेय."

"माझा वेल्ड ओढला गेला असेल. तापलं की लोखंड ओढलं जातं," थोरला म्हणाला, आणि त्याने आपलं काम कापून काढलं. पुन्हा जोडलं. पुन्हा सुतळी, पुन्हा तोच बोटभर फरक! पुन्हा कापलं. तिसऱ्यांदाही तेच.

"माझ्याच हाताला काहीतरी झालंय," तो घाम पुसत म्हणाला.

जिजी उंबऱ्यावर शेंगा सोलत होत्या. ज्याने शेकडो फाटकं काटकोनात उभी केली, तो आपलाच हात वाकडा समजत होता. बापाची गाडी वाकडी असेल हे त्याच्या मनालाही शिवत नव्हतं... दोष स्वतःकडे घ्यायची ही सवय त्याला कुणी लावली?

तेवढ्यात धाकटा आला. त्याने भिंतीशी टाकलेलं जुनं सामान चाळलं, मागच्या चाकाचा एक्सल हातात घेऊन निरखला आणि दोन जाड वॉशर बोटावर फिरवले.

"दादा, हे एकाच बाजूला होते? हे कंपनीचे नाहीत, बाबांनी हातानं केलेत. तुझा वेल्ड सरळच आहे रे, चासीची मान वाकडी आहे. हॅन्डल बसतं तिथेच बाक आहे. बाबांनी मागचं चाक सरकवून सांभाळून घेतलं आणि कुणाला बोलले नाहीत. तू ठोकलीस ना, तेव्हाचं असणार."

"म्हणजे स्वतःच वाकडी करायची आणि स्वतःच तीनदा वेल्डिंग कापायचं!" सून खळखळून हसली. "धन्य आहात!"

"हो ना. माझंच पाप," थोरला सहज म्हणाला आणि खाली वाकून सुतळी गुंडाळू लागला.

त्याने आईकडे पाहिलंसुद्धा नाही. एक तिरपी नजर, एक उसासा... काही नाही! बावीस वर्षांनीही तो आपल्या बायकोसमोर आईला झाकत होता. त्या न पाहण्याने जिजी अशा ताडकन उठल्या, की मांडीवरच्या शेंगा अंगणभर सांडल्या.

"ती मान मी वाकडी केली."

"काय जिजी?" सुनेला कळेना.

"गाडी मी ठोकली! याने नाही. हा मागे धावत होता."

धाकटा हसायलाच लागला. "आई, तुला साधी सायकल येत नाही!"

"येत नाही म्हणूनच ठोकली ना, गाढवा!" जिजी कडाडल्या, आणि पुढच्या क्षणी तो करडा आवाज फुटला. "याने मार खाल्ला... याचं गॅरेज गेलं... गल्लीने धडक्या म्हटलं, आणि मी... मी दाराआड उभी राहिले रे! लोक हसतील म्हणून!"

थोरल्याने हातातली सुतळी खाली ठेवली.

"तुझ्यावर रागावलो नाही, असं नाही आई," तो म्हणाला. "बाबा गेले त्या दिवशी रागावलो होतो. वाटलं, आता तर भ्यायला कुणी उरलं नाही, आता तरी बोलशील."

"मग तू का नाही बोललास? एकदा तरी तोंडावर म्हणायचंस!"

"तू आपणहून बोलायला हवं होतंस."

जिजी त्याच्याजवळ गेल्या, सांडलेल्या शेंगांतच बसल्या आणि त्याचे डागलेले, ठिणग्यांनी भाजलेले हात त्यांनी आपल्या गालांना लावले. आता तोही रडत होता. एवढा मोठा मिशीवाला पुरुष, हुंदके देत!

"दादा," धाकटा पुढे येत म्हणाला, "मी आयत्या गादीवर बसलो रे. उद्यापासून तू गॅरेजात..."

"नको बाबा! तुझी गिऱ्हाइकं तुला लखलाभ. माझी फाटकं बरी. ती निदान हॉर्न वाजवत नाहीत." डोळे पुसत थोरला हसला. "फक्त वाकडी चासी बांधून ओढायचा तुझा तो लोखंडी सांगाडा वापरायला दे. दोघं मिळून मान सरळ करू."

पंधरा दिवस दोघे भाऊ धाकट्याच्या गॅरेजात वाकून होते. जिजी डबा घेऊन जायच्या आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायच्या, "ती गाडी मी ठोकली होती हो! माझ्या पोराला धडक्या म्हणाल तर याद राखा." काही हसले. जिजींना आश्चर्य वाटलं, की त्या हसण्याने अंगाला काहीच होत नाही!

मग एका सकाळी गाडी फाटकाशी आली. बुटकी, काळी, मडगार्ड छाटलेली, मागचं चाक चासीला घट्ट जोडलेलं, आणि वर स्प्रिंगांची एकच छोटी गादी.

"चल आई, बस."

"बसू कुठं? मागे नुसतं चाक आहे!"

"मागे कोण बस म्हणतंय?"

जिजी पाऊल मागे घेत म्हणाल्या, "वेडा आहेस? या वयात..." पण त्यांचा हात टाकीवर आधीच पोचला होता. सुनेने त्यांना धरून बसवलं. थोरल्याने क्लच दाखवला, ब्रेक दाखवला, आणि गादीमागे हात धरून चालू लागला. गाडी गुरगुरत हलली. हादरे कमरेपर्यंत पोचले, आणि जिजींच्या ओठांवर तरुण मुलीसारखं हसू फुटलं.

"जिजी, या वयात!" समोरच्या गच्चीवरून शेजारीण ओरडली.

"वय माझं आहे, तुझे गुडघे का दुखतायत?" जिजींनी मान न वळवता सुनावलं. मग हळूच म्हणाल्या, "सोड हात."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी चोरून आले होते. सोड!"

त्याने हात सोडला. गाडी सुतात चालली, डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सगळ्या उघड्या दारांसमोरून थेट गल्लीच्या टोकापर्यंत. तिथे जिजींनी ब्रेक दाबला, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अरे, वळवायची कशी ते कुणी शिकवलंय का मला? या की दोघं इकडे!"

आणि दोन्ही मुलगे धावत सुटले.