मधलं माणूस

"सोफा तू ने. जेवणाचं टेबल मी नेतो," भाऊ म्हणाला, आणि भावजयीने खिडकीबाहेर बघत नुसती मान हलवली. त्याची थोरली बहीण, ताई, ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भरल्या घराची वाटणी अशी शांतपणे चालली होती, जणू कुणी गेल्यावर मागे राहिलेल्यांनी सामान आवरावं... पंख्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळ्याचं नाव निघालं, पण ताई कुणाकडे राहणार, हे कुणाच्याच तोंडी आलं नाही.

ती काही या घरात पाहुणी नव्हती. भावाची लेक, चिमणी, अपुऱ्या दिवसांची जन्मली तेव्हा भावजय रुग्णालयात परिचारिका होती, पाळ्यांची नोकरी. भाऊ लिफ्ट दुरुस्त करणारा, कुठल्या इमारतीतून कधी बोलावणं येईल याचा नेम नाही. ताई तेव्हा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तिथल्याच एका कारागिराने तिला मागणी घातली होती. "चिमणीला जरा उभी राहू दे," असं ती त्याला म्हणाली, आणि दुकानही सोडून घरी बसली. चिमणी उभी राहिली, धावली, शाळेत गेली. तो बिचारा वाट पाहून पाहून दुसऱ्या गावी निघून गेला. ते दुःख ताईने कधी उगाळलं नाही. त्यागाची सवय झाली की त्यालाच माणूस सुख म्हणू लागतो.

आता चिमणी नोकरीनिमित्त दूर होती, आणि पन्नाशीला टेकलेली ही दोघं वेगळी व्हायला निघाली होती. भांडण नाही, तंटा नाही, बाहेरचं लफडं नाही... मग काडीमोड कशासाठी? ताईला कुठेच चैन पडेना. पुसलेलाच ओटा तिने पुन्हा पुसला, उगाच दारापर्यंत जाऊन आली आणि शेवटी भावजयीच्या खोलीत शिरली. भावजय कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्याचं काय चुकलं, मला सांग. मी समजावते त्याला."

"नका समजावू, ताई." भावजयीचे हात थांबले. "रागावू नका, पण आजवर सगळं तुम्हीच समजावत आलात. मी रुसले की त्याला सांगायच्यात, तिचं डोकं दुखतंय. तो चिडला की मला सांगायच्यात, कामाचा ताण आहे. आमचं एक भांडण तरी धड होऊ दिलंत का? आता समोरासमोर बसलो की बोलायचं काय, तेच सुचत नाही."

"म्हणजे तुमचा संसार मी मोडला?"

"नाही हो... आम्हीच आळशी. तुमच्या जिवावर सगळं सोपं झालं होतं."

ताई चपला पायात सरकवून बाहेर पडली. ज्यांच्यासाठी आयुष्य जाळलं त्यांनीच असं बोलावं? संतापाने, अपमानाने तिचं अंतःकरण पेटलं होतं. बाजार मागे पडला, शाळा मागे पडली, कुणीतरी ओळखीचं हसलं तेही तिला दिसलं नाही. पाय थांबले ते चष्म्याच्या दुकानापाशी. गल्ल्यावर आता जुन्या मालकाची मुलगी बसत होती.

"काम मिळेल का?" ताईने विचारलं, आणि स्वतःच दचकली.

"मशीन आता नवीन आलंय, मावशी. शिकाल का?"

"शिकेन. आणि वरची खोली रिकामी आहे का?"

संध्याकाळी भाऊ नेहमीच्या सवयीने म्हणाला, "ताई, तिला सांग, रविवारी टेम्पो येईल."

"ती इथेच बसलीये. तूच सांग. आणि माझंही कपाट त्यात घे. मी खोली घेतलीये."

"खोली? कशाला? तू माझ्याकडे राहशील असं मी धरूनच चाललो होतो."

"मीही तेच धरलं होतं," भावजय पुटपुटली. "माझ्याकडे."

"धरलंत दोघांनी, विचारलं कुणीच नाही," ताई म्हणाली.

भावाने मान खाली घातली. "तुझं लग्न आमच्यापायी राहिलं, ताई. कळत होतं मला. पण ते बोललो असतो तर तू गेली असतीस... म्हणून गप्प बसलो." त्याचे डोळे वाहू लागले. भावजयीने ताईचा हात घट्ट धरला.

रविवारी दुकानाच्या अरुंद जिन्यात कपाट वळणावर अडकलं. खाली भाऊ, वर भावजय. ताई वरच्या दारात उभी.

"डावीकडे वळव," भावजय म्हणाली.

"उजवीकडूनच निघेल."

"माझं कधी ऐकलंयस का?"

"तू कधी बोललीस का?"

"कधी बोलणार? माझे बाबा गेले तेव्हा मी रात्रंदिवस रडत होते. तू एकदा तरी आत आलास?"

"दारापर्यंत आलो होतो गं. कळलं की तू झोपलीयेस..."

ताई गप्प राहिली असती तर तिचा थोरपणा अबाधित राहिला असता.

"मी परतवलं त्याला," ती म्हणाली. "तू जागी होतीस, मला माहीत होतं. पण त्याला म्हटलं, जेवून घे, मी बघते तिच्याकडे. मला... मला वाटायचं, मी नसले तर या घराचं काही चालू नये."

भावजय कपाटाला टेकून मटकन पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून हमसाहमशी रडू लागली. भाऊ कपाटाच्या कडेने अंग चोरत, शर्टाची बाही फाडून घेत वर सरकला आणि तिच्या शेजारी बसला.

"मी यायला हवं होतं," तो म्हणाला. "ताईने अडवलं तरी."

"हो. यायला हवं होतंस."

वकिलाकडची तारीख त्यांनी नंतर पुढे ढकलली. रद्द मात्र केली नाही. पुढे काय होणार, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मात्र धावत जावं, दोघांच्या पाठीवर हात ठेवावा, दोन शब्द समजुतीचे सांगावेत, यासाठी ताईचा जीव नुसता तळमळत होता... तिने पदराने डोळे पुसले, मागे सरली आणि आपल्या रिकाम्या खोलीचं दार आवाज न करता लावून घेतलं.