पंखावरच्या सुरकुत्या

"कॅप्टन, तुम्ही खऱ्या विमानात किती वेळा बसलात?"

प्रश्न चोंबडीचा नव्हता. हे विचारायची तिची छाती होणार नाही, अशी पैज ढमी आणि लंबू या तिच्या दोन मैत्रिणींनी लावली होती. झालं. दुपारी सव्वा वाजता, वाचनालयाच्या जिन्यात, कॅप्टन वर चढत असताना, दोघींच्या समोर तिनं विचारून टाकलं.

कॅप्टन थांबले. गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा त्यांनी नाकावर चढवला आणि झुरळाकडे बघावं तसं तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्या मामाला सांग, भाचीला जरा वळण लाव म्हणावं."

आणि ते वर निघून गेले. उत्तर मिळालं नाही. मिळायची गरजही नव्हती, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक होतं: शून्य. कॅप्टनांचा जन्म विमा कचेरीत गेला होता. विमानांच्या छोट्या प्रतिकृती करणाऱ्या क्लबचे अध्यक्ष झाल्यावर 'कॅप्टन' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती, आणि बाकीच्या सभासदांनी ती मान हलवून मान्य केली होती. मान हलवणं हा त्या क्लबचा मुख्य उद्योग होता. विमानं त्यानंतर.

'चोंबडी' हे नावही त्याच लोकांनी ठेवलेलं. पोरगी सगळ्यात नाक खुपसते म्हणून. तिला ते आवडायचं. निदान आपल्याला नाक आहे, असं ती म्हणायची.

दीड वाजता वरून आरोळी आली.

चोंबडी तीन-तीन पायऱ्या ओलांडत सगळ्यांच्या आधी पोचली. हॉलमध्ये लांब टेबलांवर विमानं मांडलेली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षण होतं. कॅप्टन आपल्या टेबलाशी कपाळाला हात लावून उभे होते. त्यांचं लढाऊ विमान नेहमीसारखं लखलखीत होतं, नुकतंच दुकानातून आणल्यासारखं. फक्त पंखांवरची दोन गोल चिन्हं आणि शेपटीजवळचा नंबर पार सुरकुतला होता. बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा.

विमानाशेजारी एक बाटली होती. टोपण उघडं. त्यावर क्लबातल्याच चोंबडीच्या मामाच्या अक्षरात लिहिलं होतं: थिनर.

"थिनर ओतलंय," कॅप्टन म्हणाले. "कोणी ते मला सांगायला लावू नका."

बाकीचे सभासद धापा टाकत आले आणि टेबलांपुढच्या दोरीमागे शिस्तीत उभे राहिले. दोरी ओलांडायला अध्यक्षांची परवानगी लागते. चोंबडी दोरीखालून सरकली, वाकली, आणि तिनं नाक पुढे केलं.

"ए, मागे हो."

एवढ्यात तिला तीन गोष्टी मिळाल्या. चिन्हं अजून ओली चमकत होती. त्यांच्या कडेचा हिरवा रंग जसाच्या तसा होता, एक ओघळसुद्धा नाही. आणि वास व्हिनेगरचा होता.

कॅप्टनांनी खुर्चीवरचं एक फडकं उचललं आणि विमानावर अंथरलं. "हा पुरावा आहे. कोणी हात लावायचा नाही. तीन वाजता सभा. नियम सगळ्यांना माहीत आहे."

नियम सोपा होता. दुसऱ्याच्या विमानाला जो इजा करील त्याचं नाव क्लबातून कमी, आणि त्याचं विमान प्रदर्शनातून बाहेर.

"तुमच्या विमानाचं काय हो आता?" कोणीतरी हळहळलं.

"बसेन रात्रभर. उद्यापर्यंत आणतो ताळ्यावर. हात आहेत हे माझे."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

मामा पावणेदोनला खालच्या कँटीनमधून वर आला, क्लबच्या चिटणिसांबरोबर गप्पा मारत. त्याला दारातच अडवलं.

"मी? मी कशाला करीन असलं काही? बघू तरी काय झालंय."

"गुन्हेगाराला पुरावा दाखवत नाहीत," कॅप्टन म्हणाले. हे कायद्याचं ज्ञान कुठून आलं, देव जाणे. चिटणीस लगेच आपल्या बुटांची पाहणी करू लागले.

मामा म्हणजे चोंबडीच्या आईचा मोठा भाऊ. घड्याळं दुरुस्त करायचा. लग्न केलं नाही, बावीस वर्षं क्लब केला. यंदाचं मालवाहू विमान त्यानं चौदा महिने रंगवलं होतं. वरच्या अंगाला उन्हानं विटलेला रंग. इंजिनामागून मागे पसरत गेलेली काजळी. दाराशी माणसं पाय देऊन चढतात तेवढ्याच जागी खरवडून दिसणारं अॅल्युमिनियम. त्या सकाळी परीक्षक नुसती एक फेरी मारून गेले, तेव्हा कॅप्टनांच्या टेबलाशी मिनिटभर थांबले आणि मामाच्या टेबलाशी दहा मिनिटं. शेवटी त्यांनी विचारलं, "काजळी खरी आहे का हो?"

गेल्या वर्षापासून मामाचा उजवा हात थरथरायला लागला होता. डाव्या हातानं मनगट दाबून धरून तो ब्रश चालवायचा. पुढच्या वर्षी जमेल न जमेल, हे तो कोणाला बोलला नव्हता. चोंबडीला दिसत होतं. हे विमान उद्या टेबलावर राहिलं नाही, तर दुसरं होणार नव्हतं.

ती खाली गेली. जिन्याखाली रखवालदारीण मावशी डबा धूत होती.

"मावशी, हॉलला कुलूप कधी लावलंत?"

"एकला. तुझा मामा आणि चिटणीस शेवटचे उतरले, एकला दहा कमी असतील. मग मी केर काढला आणि कुलूप घातलं."

"तेव्हा कॅप्टनांचं विमान ठीक होतं?"

"मी विमानं बघत नाही गं बाई, फरशी बघते."

"मग उघडलं कोणी?"

"कॅप्टन आले ना सव्वाला. चष्मा वर राहिला म्हणाले. दिली किल्ली."

"तुम्ही बरोबर गेलात?"

"मग माझा डबा कोण खाणार होतं? तू?"

चोंबडीनं तिचे आभार मानले आणि मामाला गाठलं. तो मागच्या गच्चीत आपल्या पेटीवर बसला होता.

"मामा, डेकलवर थिनर सांडलं तर काय होतं?"

डेकल म्हणजे ती चिन्हं आणि नंबर. रंगवलेले नसतात ते. पातळ छापील चित्र पाण्यात भिजवायचं, कागदावरून विमानावर सरकवायचं, आणि श्वास रोखून सरळ करायचं.

"काय होणार? डेकल जातं, खालचा रंगही जातो. नुसता चिखल."

"आणि व्हिनेगरचा वास कशाला येतो?"

"सॉफ्टनरला. डेकल मऊ करायचं औषध. आपल्या इथे दोघांकडेच असतं, माझ्याकडे आणि कॅप्टनकडे. बाकीचे गरम पाण्यावर भागवतात. का गं?"

"पेटीत आहे?"

"आहे. पण आता काय उपयोग," मामा म्हणाला आणि पुन्हा आपल्या हाताकडे बघत बसला.

पेटीत एक मोडका पंख होता, सरावाचा. त्यावर जुनी दोन डेकलं. सभेला अजून बराच वेळ होता. दोनला पाच कमी असताना चोंबडीनं डाव्या डेकलवर ब्रश धुवायच्या डबीतलं थिनर लावलं आणि उजव्यावर सॉफ्टनर. डाव्याचा मिनिटभरात चिखल झाला. उजवं आधी ढिम्म बसलं. मग हळूहळू सुरकुतायला लागलं.

मागोमाग आलेली ढमी म्हणाली, "गेलं. दोन्ही गेली."

"गप बस आणि घड्याळ बघ."

दोन पस्तीसला चोंबडीनं पंख उचलून उन्हात धरला आणि एकटीच हसली.

तीनची सभा तीनलाच सुरू झाली. कॅप्टन बोलले. विश्वास, परंपरा, छंदाचं पावित्र्य, असं बरंच काही. अकरा प्रौढ माणसं माना हलवत होती. मग ते म्हणाले, "नाव कमी करावं या मताचे असतील त्यांनी हात वर करावेत."

एक हात वर गेला. मग दुसरा. मग शेजारच्याचा बघून तिसरा. नऊ हात झाले. चिटणिसांचा हात कानापर्यंत आला आणि तिथे खाजवू लागला, म्हणजे कुठेही मोजता यावा. मामा भिंतीशी उभा राहून प्रत्येक हात बघत होता.

"मला तीन प्रश्न आहेत," चोंबडी म्हणाली.

"लहान मुलांना सभेत बोलायला मनाई आहे."

"सभेत नाही बोलत. तुमच्याशी बोलतेय. थिनरनं डेकल जळालंय, नक्की?"

"नक्की. कायमचं जळालंय."

"कायमचं?"

"किती वेळा सांगू?"

"आणि मामानं जेवायला जाण्याआधी केलं. म्हणजे एकच्या आत."

"उघड आहे. नंतर कुलूप होतं."

"आणि तुम्ही सव्वाला परत का आलात?"

"चष्मा विसरलो होतो. मावशींना विचार."

"विचारलं. पण जिन्यात तुम्ही तोच चष्मा लावून माझ्याकडे बघितलंत. आम्ही तिघी होतो. वर जाताना तो गळ्यातच होता."

कोणीतरी खोकलं. कॅप्टनांचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"दुसरा असतो माझा. वाचायचा."

"असेल. आता हे बघा." तिनं मोडका पंख टेबलावर ठेवला. "डावीकडे थिनर. रंगासकट धुऊन गेलं. कॅप्टनांच्या विमानावर रंगाला ओरखडा नव्हता. म्हणजे थिनर नव्हतंच. मामाची बाटली नुसती शोभेला ठेवली. दोरीमागून कोणाला वास येणार नाही, याची खात्री होती. आता उजवीकडे. इथे सॉफ्टनर लावलं, व्हिनेगरच्या वासाचं. कॅप्टनांच्या विमानालाही तोच वास होता. सांगा काय दिसतं?"

पुढच्या रांगेतल्या दंतवैद्यांनी पंख डोळ्यांशी धरला. "काहीच नाही. छान बसलंय. रंगवल्यासारखं."

"दोनला हेच बोटांसारखं सुरकुतलं होतं. सॉफ्टनरनं डेकल आधी आकसतं, भयंकर दिसतं, नवशिका घाबरून बोट लावतो आणि फाडतो. हात न लावता ठेवलं तर चाळीस मिनिटांत आपोआप पसरतं आणि पंखाला चिकटून बसतं. मामानं एकच्या आत लावलं असतं, तर दीडपर्यंत सगळं सपाट झालं असतं, आणि कॅप्टनांना ओरडायला काही उरलंच नसतं. दीडला सुरकुत्या ओल्या होत्या. म्हणजे औषध दहा-पंधरा मिनिटांपूर्वीचं. त्या वेळी कुलूप उघडून आत एकच माणूस गेला होता."

वर केलेले हात एकेक करून खिशात शिरले.

"पण स्वतःचं विमान कोण खराब करील?" चिटणीस म्हणाले.

"खराब केलंच नाही ना. तीच तर गंमत. मामाला काढायचं, त्याचं विमान बाहेर ठेवायचं, आणि सकाळी हे घेऊन यायचं. रात्रभर बसून वाचवलं म्हणायचं. तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. आत्ताही वाजवल्यातच. आणि ते फडकं पुराव्यासाठी नाही टाकलं. खाली पुरावा सपाट होत होता, तो कोणाला दिसू नये म्हणून टाकलं."

"फडक्याला हात लावायचा नाही," कॅप्टन म्हणाले.

"फडकं माझं आहे," दारातून मावशी म्हणाली. "खुर्च्या पुसायचं. मला पाच वाजता घरी जायचंय." ती दोरीखालून वाकून गेली आणि तिनं ते ओढलं.

दोन गोल चिन्हं, एक नंबर. एक सुरकुती नाही. जन्मजात असावीत अशी पंखाला बसलेली.

"हा माझा अपमान आहे," कॅप्टन म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य.

त्यांना निघायला सांगावं लागलं नाही. आपलं विमान छातीशी धरून ते जिना उतरले. मग जे झालं ते चोंबडीला जास्त किळसवाणं वाटलं. नऊच्या नऊ जण मामाभोवती गोळा झाले. मला आधीच शंका होती. माझा हात तसा वर नव्हताच. चिटणिसांनी तर अध्यक्षपदच पुढे केलं, ताटातली उरलेली पोळी पुढे करावी तसं. मामा नको म्हणाला. त्याचं विमान टेबलावर राहिलं, तेवढं त्याला पुरे होतं.

घरी येताना तो एकच वाक्य बोलला. "नऊ. मी मोजले."

संध्याकाळी आई त्याच्यापुढे चहा ठेवत म्हणाली, "दादा, सोड तो क्लब. घरी बसून कर काय करायचं ते. कशाला असल्या लोकांत?"

"तेच म्हणतोय. उद्याचं झालं की नाव काढून घेतो."

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "आणि तू, बाईसाहेब. पराक्रम पुरे. परीक्षेचं वर्ष आहे."

चोंबडीनं दप्तरातून एक कागद काढला आणि चहाच्या कपांमध्ये ठेवला. सभासदत्वाचा अर्ज. सगळा भरलेला, फक्त पालकांच्या सहीची जागा मोकळी.

"आई, बाबा, मी क्लबात नाव घालतेय. मुलांच्या विभागात नाही, मोठ्यांच्या, जिथे मत देता येतं. मामा नाव काढणार नाही, कारण अर्जावर शिकवणारा म्हणून मी त्याचं नाव लिहिलंय. माझं पहिलं विमान पुढच्या वर्षी त्याच टेबलावर असेल, आणि त्याच्या हाताला जे जमणार नाही ते माझा हात करील. परीक्षेचं मी बघून घेईन. मी विचारत नाहीये, सांगतेय. पेन कोणाकडे आहे?"